तांब्याची नळी कोकणात कुठे टिकते, कुठे हरते

"गॅस गेलाय. खारी हवा आहे ना, तिने तांबं खाल्लं." अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत एसी दुरुस्त करायला आलेल्या मेस्त्रीकडून हे वाक्य ऐकलं नसेल असं घर सापडणं कठीण. यातला गॅस गेल्याचा भाग बहुतेक वेळा खरा असतो. दोष मात्र चुकीच्या माणसावर, म्हणजे चुकीच्या धातूवर जातो. आणि निदान चुकलं की उपायही चुकतो: सगळी नळी बदलली जाते, पैसे जातात, आणि पुढच्या उन्हाळ्यात एसी पुन्हा गरम हवा फेकू लागतो.

न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा 1886 पासून समुद्राच्या तोंडावर उभा आहे. त्याचं कातडं म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा. शंभर वर्षांनी त्याची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा पत्रा बऱ्यापैकी शाबूत होता. सडला होता तो त्याला आतून टेकलेला लोखंडी सांगाडा. तांब्याची सगळी गोष्ट यात आली. खाऱ्या हवेत तांब्यावर आधी तपकिरी, मग हिरवा थर धरतो आणि तोच पुढची झीज रोखतो. वर्षाला झीज होते ती मोजक्या मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांची. एसीच्या नळीची भिंत 700-800 मायक्रॉन असते, म्हणजे नुसत्या मिठाने ती भोकं पडण्याइतकी खायची तर माणसाचं आयुष्य जाईल. आपल्याकडे नळी हरते ती तीन ठिकाणी: सांध्यावर, दुसऱ्या धातूच्या शेजारी, आणि मिठाखेरीज हवेत किंवा पाण्यात दुसरं काही असेल तिथे.

आधी नळी ओळखून घेऊ. घरात येणारी जवळजवळ प्रत्येक तांब्याची नळी एकाच जातीच्या तांब्याची असते. 99.9 टक्के तांबं आणि त्यात चिमूटभर फॉस्फरस. फॉस्फरस घालतात तो तांब्यातला प्राणवायू काढून टाकण्यासाठी. प्राणवायू आत राहिला तर ज्योतीने सांधा जोडताना तांबं आतून ठिसूळ होतं. धातू एकच, मग फरक कशात? कडकपणात, भिंतीच्या जाडीत आणि माप घेण्याच्या पद्धतीत.

कडक नळी सरळ लांबीत मिळते, वाकवली तर चेपते, म्हणून वळणावर एल्बो लावावा लागतो. पाण्याच्या आणि रुग्णालयातल्या प्राणवायूच्या लाइनला ती वापरतात. मऊ नळी भट्टीत तापवून नरम केलेली असते, गुंडाळी करून येते, बहुधा 50 फुटांची. एसीवाले हीच वापरतात. मऊ नळीचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती जितक्या वेळा वाकवाल, सरळ कराल, तितकी कडक होत जाते आणि शेवटी तडकते. घर बदलताना जुन्या एसीची नळी उलगडून पुन्हा वापरतात, तेव्हा निदान दोन्ही टोकं कापून तोंडं नव्याने बनवून घ्यायलाच हवीत. जुनं तोंड एकदा नटाखाली दबून कडक झालेलं असतं, दुसऱ्यांदा ते नीट बसत नाही.

मापाचा गोंधळ फार मोठा आहे. एसीची नळी बाहेरच्या व्यासावर मोजतात आणि दुकानात सुतात मागतात: दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच, पाच सूत म्हणजे पाच अष्टमांश. पाण्याच्या तांब्याच्या नळ्या आपल्याकडे मिलिमीटरमध्ये येतात, 15, 22, 28 अशा, तीही बाहेरची मापं. इंटरनेटवरच्या अमेरिकन व्हिडिओत मात्र के, एल आणि एम असे प्रकार सांगतात. के सर्वांत जाड, एम सर्वांत पातळ, ओळखीसाठी अनुक्रमे हिरवी, निळी आणि लाल अक्षरं. तिथे अर्धा इंची म्हटलेल्या पाण्याच्या नळीचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात पाच अष्टमांश असतो. ते व्हिडिओ पाहून चिपळूणच्या दुकानात 'टाइप एल' मागू नका. घरातल्या पाण्यासाठी असेल तर आयएस 14810 आणि एसी-फ्रिजसाठी असेल तर आयएस 10773 हे भारतीय मानकांचे आकडे नळीवर छापलेले आहेत का, ते बघा.

जाडी दुकानात गेजमध्ये सांगतात, आणि गेज वाढला की जाडी कमी होते. 20 गेज म्हणजे साधारण 0.91 मिलिमीटर, 21 म्हणजे 0.81, 22 म्हणजे 0.71, 24 म्हणजे 0.56. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण वजन काट्यावर दिसतं. चार सुती नळी 21 गेजची असेल तर एक मीटर साधारण 270 ग्रॅम भरते, 22 ची 240 आणि 24 ची 190 च्या आसपास. दोन सुती नळी 21 गेजची असेल तर मीटरला सव्वाशे ग्रॅम. किराणा दुकानातला काटाही यासाठी पुरतो. तांब्याचा रंग दिलेली ॲल्युमिनियमची नळी असेल तर ती तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच भरते आणि कापलेल्या कडेला पांढरी दिसते. नवीन एसी बसवताना पावतीवर नुसतं 'कॉपर पाईप' लिहून देतात. तिथे सूत, गेज आणि मीटर लिहून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तो मागाच.

जाडीचा एवढा आग्रह का, तर आत फिरणारा वायू बदलला आहे. जुन्या एसीत आर-22 असायचा. आताच्या घरगुती एसीत बहुतेक आर-32 असतो आणि त्याचा दाब आर-22 च्या दीडपटीहून जास्त. जुन्या एसीच्या भिंतीत राहिलेल्या पातळ नळीवर नवीन इन्व्हर्टर एसी जोडून देणारे भेटतात. 'चालतंय की' म्हणतात. चालतं, पण जुन्या नळीत जुनं तेल असतं, ते नव्या वायूच्या तेलाशी जुळत नाही, आणि पातळ तोंड नव्या दाबाला तडकतं. शिवाय आर-32 थोडा ज्वालाग्राही आहे, त्यामुळे गळती ही आता केवळ खर्चाची बाब राहिलेली नाही.

आता सांध्याकडे येऊ, कारण कोकणातल्या गळतीचा मोठा भाग इथेच होतो. नळीचं तोंड फुलासारखं उमलवून पितळी नटाने आवळतात, त्याला फ्लेअर म्हणतात. नळी हॅकसॉने कापली, कडेची कस, म्हणजे कापताना उभी राहिलेली खरखरीत धार, काढली नाही, किंवा नट अंदाजाने करकचून आवळला, की तिथे केसाएवढी चीर राहते. ती पहिल्या वर्षी कळतही नाही. कटरने कापणं, आतली कस नळी खाली धरून काढणं म्हणजे चुरा आत पडणार नाही, तोंडावर एक थेंब कंप्रेसरचं तेल लावणं आणि मापाच्या पान्याने (टॉर्क रेंचने) आवळणं, एवढी ही कामं आहेत. यात वीस मिनिटं जास्त जातात. ती देणारा मेस्त्री मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

ज्योतीने जोडलेला सांधा फ्लेअरपेक्षा खात्रीचा, पण एका अटीवर. जोडताना नळीतून हलका नायट्रोजन सोडायला हवा. तसं न केल्यास तापलेल्या तांब्यावर आतून काळी खपली धरते, ती सुटून पुढे जाते आणि बारीक वाटा बुजवते. गळती तपासायलाही नायट्रोजनच लागतो. प्राणवायूच्या सिलिंडरने दाब भरणारा कुणी दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. दाबाखालचा प्राणवायू आणि कंप्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो, माणसं मरतात. यात जराही अतिशयोक्ती नाही.

नळीवरचं काळं रबरी वेष्टण हा आपल्याकडे दुर्लक्षित विषय आहे. श्रावणात किनाऱ्यावरची हवा इतकी दमट असते की पंचवीस अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. एसीची नळी दहा-बारा अंशांवर असते. घरगुती स्प्लिट एसीत वायू पसरून थंड होतो तो भाग बहुधा बाहेरच्या यंत्रातच असतो, म्हणून जाड आणि बारीक अशा दोन्ही नळ्या थंड असतात आणि दोन्हींना वेगवेगळं वेष्टण हवं. बरेच जण बारीक नळी तशीच सोडतात, मग भिंतीवर ओघळ येतो आणि घरमालक छप्पर गळतंय असं समजून कौलं शोधत बसतो. वेष्टण उन्हाने फाटतं. फाटलेल्या जागी पाणी, मीठ आणि धूळ नळीला धरून बसतात. सुकायला वाव मिळत नाही, आणि उघड्या नळीपेक्षा वाईट झीज तिथे होते. पावसाळ्याआधी कौलं चाळतो, तेव्हाच बाहेरच्या नळीवरची टेपही बदलून घ्यावी.

दुसऱ्या धातूचं शेजारपण बाहेरच्या यंत्रात सगळ्यांत ठळक दिसतं. त्यात तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या बसवलेल्या असतात. दोन वेगळे धातू टेकलेले, वर खारं पाणी, की त्यातला कमजोर धातू झिजतो, आणि इथे कमजोर आहे ॲल्युमिनियम. हर्णै किंवा तारकर्लीला वाळूलगतच्या होमस्टेवर चार-पाच वर्षांचं यंत्र उघडून बघा: नळ्या जागेवर, पात्यांची पांढरी भुकटी. मग थंडावा कमी होतो, दाब वाढतो, आणि शिव्या तांब्याला बसतात. याला उपाय आहेत. लेप दिलेल्या पात्यांचं यंत्र घ्यावं, ते समुद्राकडे तोंड करून न ठेवता घराच्या आडोशाला ठेवावं, आणि पाऊस नसतो त्या महिन्यांत दर पंधरवड्याला गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावं. पावसाळ्यात हे काम पाऊसच करतो. लोखंडी क्लॅम्पही थेट तांब्यावर आवळू नये, मध्ये रबराची पट्टी घालावी.

तिसरा शत्रू सर्वांत कमी ओळखला जातो: अमोनिया. ब्रिटिश काळात इथल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली की आपोआप तडकायची. 1921 पर्यंत याचं नेमकं कारण उलगडलं नव्हतं. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस घडवताना धातूत राहिलेला ताण, या तिघांचं ते काम होतं. आवळलेला पितळी फ्लेअर नट म्हणजे ताणाखालचं पितळच. तो गोठ्याच्या भिंतीलगत, शौचालयाच्या हवेच्या पाइपाजवळ, वटवाघळांच्या विष्ठेखाली किंवा सुकी मासळी वाळवायच्या अंगणात असेल, तर काडतुसांचं झालं तेच त्याचं होतं. यंत्र कुठे बसवायचं हे ठरवताना सावली आणि शोभा बघतात. वाऱ्याने कुठला वास येतो, तेही बघायला हवं. खाडीकाठी, खारफुटीलगत चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याने तांबं काळं पडतं.

याच कारणाने बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तांब्याची नळी दिसणार नाही. तिथे थंडावा देणारा वायू अमोनियाच असतो, म्हणून सगळ्या नळ्या पोलादी. मिरकरवाड्यात किंवा मालवणात होडीवर चढणारा बर्फ पोलादी नळ्यांच्या जोरावर गोठतो आणि घरातला फ्रिज तांब्याच्या. नळीचा धातू आत काय वाहतं यावर ठरतो, त्याचं याहून चांगलं उदाहरण किनाऱ्यावर नाही.

घरातल्या बंद खोलीतही एक चोर असतो. नवीन प्लायवूडचं फर्निचर, त्याचा डिंक, काही रंग आणि सुगंधी फवारे यांतून फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लाची वाफ निघते. पावसाळ्यात खोली बंद, हवा ओली, आणि आतल्या यंत्राच्या गार नळ्यांवर सतत पाणी. ही आम्लं तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी वेडीवाकडी बिळं पाडतात. भोक इतकं बारीक की डोळ्यांनी दिसत नाही. वर्षाच्या आत आतली कॉइल गळाली तर आधी फर्निचर कधी केलं ते आठवा. ताडी-माडीचा शिरका किंवा काजूच्या बोंडांचा आंबवण ठेवलेल्या खोलीतही हाच धोका आहे. नवं फर्निचर झाल्यावर महिनाभर खिडक्या उघड्या ठेवल्या तर फरक पडतो.

पाण्याच्या नळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कोकणात घरभर गार पाण्यासाठी तांब्याची लाइन टाकू नये. महाग पडते म्हणून म्हणत नाही. जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी बऱ्याच ठिकाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. घाटावरच्या कठीण पाण्याने नळीत आतून चुन्याचा पातळ थर बसतो आणि तो तांब्याला वाचवतो. आपल्या पाण्यात तो चुनाच नाही, त्यामुळे पाणी तांबं विरघळवत राहतं. बेसिनच्या पांढऱ्या भांड्यावर नळाखाली हिरवट-निळा डाग दिसला तर तो याचाच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप) 6.5 ते 8.5 असावा असं तेच मानक सांगतं. विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्या. घरात तांब्याची लाइन आधीच असेल तर सकाळचं पहिलं, रात्रभर नळीत थांबलेलं पाणी झाडांना घाला, तान्ह्या मुलाच्या दुधाला तर मुळीच वापरू नका. ताक-सोलकढी बिनकल्हईच्या भांड्यात कळकते, हे ज्या घरांत आजीने शिकवलं आहे, त्यांना आंबट पाणी आणि तांबं यांचं नातं वेगळं सांगायला नको.

आणखी एक नियम प्लंबरही विसरतात. तांबं आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) एकाच लाइनवर असतील तर पाणी आधी जीआयमधून, मग तांब्यातून जायला हवं. उलटं केलं तर पाण्याने वाहून नेलेलं तांबं पुढच्या जीआयवर बसतं आणि त्याला आतून खड्डे पाडतं. जोडावर मध्ये पितळी तुकडा घालावा.

गरम पाण्याला मात्र तांब्याला तोड नाही. न्हाणीघरातला तांब्याचा बंब उगाच पिढ्यानपिढ्या चालला नाही. उष्णता वाहून नेण्यात तांबं लोखंडाच्या पाच-सहा पट आणि ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस. सौर बंबाच्या सपाट पेटीत वर-खाली इंचभराच्या दोन आडव्या नळ्या आणि मध्ये अर्ध्या इंचाच्या उभ्या नळ्या असतात, सगळ्या तांब्याच्या. काचेच्या नळ्यांचा स्वस्त प्रकार वेगळा. पाणी आम्लधर्मी असेल तर पेटीतलं पाणी आणि वापरायचं पाणी वेगळं ठेवणारी, उष्णता-विनिमयाची टाकी घ्यावी. सौर टाकीतून बाहेर पडणारा पहिला मीटर-दीड मीटर तांब्याचा ठेवून पुढे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याची प्लास्टिकची नळी, लावणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं, कारण एप्रिल-मे महिन्यांत वापर नसताना टाकीतलं पाणी प्लास्टिकच्या मर्यादेच्या जवळ तापू शकतं. गॅस गिझरच्या पोटातही तांब्याची नळीच असते. तो गिझर बंद न्हाणीघरात मात्र लावू नका, त्याच्या कार्बन मोनॉक्साइडने जीव जातात.

फ्रिजमध्ये तांबं आता कमी उरलं आहे, बरंच ॲल्युमिनियम आणि पोलाद आलं आहे. तरी त्याच्या मागे एक सुईसारखी तांब्याची नळी असते, कॅपिलरी. आतलं भोक मिलिमीटरहूनही कमी. तिचं कामच वायूची वाट अडवून दाब पाडणं आणि त्यातून थंडावा तयार करणं. फ्रिज सरकवताना ती चेपली की फ्रिज गेला.

स्वयंपाकघरातल्या गॅससाठी तांब्याची नळी वापरतात ती शेगडी आणि सिलिंडर यांत अंतर असताना. पाइप्ड गॅस पोचलेल्या काही शहरांत मीटरच्या पुढेही ती असते. हे काम गॅस एजन्सीला कळवून, तिच्याच माणसाकडून करून घ्यावं. एसीची उरलेली नळी इथे लावू नये. नळी भिंतीत न गाडता उघडी, हाताला लागेल अशी न्यावी आणि मोरीच्या ओलीपासून, फिनेल-अमोनियाच्या बाटल्यांपासून दूर ठेवावी. शेवटचा तुकडा रबरी सुरक्षा नळीचाच असतो, तो पाच वर्षांनी बदलावा लागतो, मागची नळी तांब्याची असली तरी. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून तपासणी खालच्या सांध्यापासून सुरू करावी: साबणाच्या पाण्याचा फेस ब्रशने सांध्यावर फिरवायचा, बुडबुडा फुगला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि विजेच्या बटणाला हात लावायचा नाही.